हजेरीपटाबाहेर राहिलेल्या

आज १ मे. हुतात्मा चौकात पुष्पचक्रं वाहिली जातील, ठिकठिकाणी झेंडावंदन होईल, संध्याकाळी कामगारांच्या सभा भरतील. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन हा जोडउल्लेख आपल्या तोंडात इतका बसला आहे, की त्यातला कामगार आपल्या डोळ्यांपुढे कोणत्या रूपात उभा राहतो हे तपासून पाहायचं सुचतही नाही. तो उभा राहतो तो पुरुष म्हणूनच. हातात डबा, पायात झिजलेल्या चपला, भोंगा झाला की गिरणीच्या दाराकडे लगबगीनं निघालेला. त्याची बायको एक तर चाळीतल्या खोलीत, नाही तर मनिऑर्डरची वाट पाहत गावी. या चित्रात खोटं काही नाही. पण त्यातून एक मोठी रांग गळून गेली आहे. मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्यापासून बायका त्यांत राबत होत्या आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत तर साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. ती कधी आली, काय करत होती, आणि मुख्य म्हणजे कशी गेली, हे आजच्या दिवशी सांगायला हवं.

सुरुवात १ मेपासून नको, आठवडाभर आधीच्या एका तारखेपासून करू. २४ एप्रिल १८९०. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर त्या दिवशी दहा हजारांच्या आसपास गिरणी कामगार जमले होते. सभा बोलावली होती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ काढणारे लोखंडे. मागणी अगदी साधी होती : आठवड्यातून एक दिवस सुटी द्या. त्या सभेत दोन बायका बोलल्या. गिरणीत काम करणाऱ्या दोन बायका दहा हजारांच्या जमावापुढे उभ्या राहून बोलल्या. पुढे १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळतो ती सवड त्या सभेतून आलेली आहे. त्या दोघींची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

तो काळ नीट आठवावा. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत तेव्हा संमतिवयाच्या प्रश्नावरून रणं माजत होती. मुलीला किती शिकवावं, बाईनं चारचौघांत बोलावं का, विधवेनं केस राखावेत का, यांवर स्तंभच्या स्तंभ भरत होते आणि ते भरणारे पुरुष होते. त्याच वेळी या दोघी, ज्यांना कुणी काही शिकवलं असण्याची शक्यता फार थोडी, उघड्या मैदानात आपल्या सुटीच्या मागणीबद्दल बोलून गेल्या. मराठी स्त्रीच्या सार्वजनिक बोलण्याचा इतिहास आपण शाळांपासून आणि सभागृहांपासून मोजतो. तो गिरणीपासूनही मोजायला हवा, असं आम्हांला मनापासून वाटतं.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी इथे धुराड्यांचं रान उभं राहिलं. कोकणातला पुरुष बहुधा एकटा यायचा आणि कुटुंब मागे ठेवायचा. घाटावरचे लोक पुष्कळदा बायकापोरांसह यायचे. त्यांच्यातल्या बायका गिरणीत गेल्या. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नाही म्हणून गेल्या. नवरा गेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, सासरी-माहेरी कुठेच थारा न उरलेल्याही पुष्कळ होत्या. गावात विधवेला जी वागणूक मिळायची तिच्यापेक्षा गिरणीच्या दारावर बारा तास बरे, असा हिशेब त्यांनी केला असेल तर त्यात चुकीचं काय होतं?

त्यांना काम मिळायचं ते मुख्यतः दोन खात्यांत, रीलिंग आणि वाइंडिंग. साच्यावर म्हणजे मागावर पुरुष. (विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या पुरुषांनाही शिरकाव नव्हता. कारण धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे आणि त्यांचा उष्टा धागा इतरांना चालत नसे. गिरणी नवी होती, पण माणसं आपापली उतरंड बरोबर घेऊन आली होती.)

रीलिंगचं काम कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कताई खात्यातून सुतानं भरलेल्या बॉबिनी येत. त्या खाली ओळीनं लावायच्या आणि वर फिरणाऱ्या रिळावर प्रत्येकीचा धागा चढवायचा. रिळाचा घेर दीड वार. ऐंशी वेढे झाले की १२० वार सूत झालं. असे सात भाग झाले म्हणजे ८४० वारांची एक लडी पुरी झाली. वीस नंबरचं सूत असेल तर अशा वीस लड्यांचं वजन एक पौंड. रीळ फिरत असताना एकेका बाईच्या नजरेखाली कितीतरी धागे एकाच वेळी पळत असत. त्यांतला एखादा तुटला की तो तुटल्याचं डोळ्याला आधी कळलं पाहिजे, हातानं रीळ थांबवलं पाहिजे, दोन्ही टोकं शोधून चिमटीत धरून गाठ मारली पाहिजे. गाठ अशी, की पुढे मागावर ती अडता कामा नये आणि सुटताही कामा नये. मग पुन्हा रीळ चालू. मजुरी कामाच्या मापावर. म्हणजे थांबलेलं रीळ हा तिचा स्वतःचा तोटा. दिवसभर हवेत कापसाचे तंतू, ते केसांत, पापण्यांवर, घशात. यंत्रांच्या आवाजात शेजारणीशी बोलायचं तर ओठ वाचायचे. या कामाला ‘अकुशल’ म्हणायची पद्धत होती आणि त्या शब्दाच्या जोरावर बाईच्या हातात पुरुषाच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास पगार पडत असे. चिमटीतली ती गाठ ज्यांनी कधी मारून पाहिली नाही त्यांनी तो शब्द ठरवला होता.

या लड्या जायच्या कुठे? पुष्कळशा चीनला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईच्या गिरण्या कापडापेक्षा सुतावर मोठ्या झाल्या होत्या आणि त्या सुताचं मोठं गिऱ्हाईक चीनमधले हातमाग होते. परळमधली बाई रिळावर जी लडी बांधायची ती बोटीतून शांघायला पोचायची. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण जपानी सूत चीनच्या बाजारात शिरलं, मुंबईच्या गिरण्या आपलं सूत स्वतःच विणू लागल्या, तशी लड्यांची गरज कमी होत गेली. बाईच्या कामाचं भवितव्य तिनं कधी न पाहिलेल्या बाजारात ठरत होतं.

गिरणीत तिच्यावर देखरेख नायकिणीची. नायकीण म्हणजे बायकांच्या खात्यातली मुकादम. कामावर घेणं तिच्या हातात, बदलीवर ठेवणं तिच्या हातात, चांगली बॉबिन कुणाला आणि तुटक्या सुताची कुणाला हेही तिच्याच हातात. म्हणून तिला दस्तुरी द्यायची. नायकीणही बाईच होती, बहुधा कधीकाळी रिळावर उभी राहिलेली. पण वरच्यानं खालच्याकडून वसूल करायचं ही रीत गिरणीनं सगळ्यांना सारखीच शिकवली.

घरी तान्हं मूल असेल तर? हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना फार उशिरा पडला, आईला पहिल्या दिवसापासून पडलेला होता. काही जणी मूल बरोबर आणत, यंत्रांच्या मधल्या बोळात फडक्यावर निजवत. बाकीच्या घरी ठेवत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर, आणि निघण्यापूर्वी त्याला बाळगोळी देत. बाळगोळी हा शब्द किती मायेचा आहे! तिच्यात अफू असे. मूल दिवसभर गुंगीत पडून राही, रडत नसे, भूक लागली तरी मागत नसे. १९२०च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी सरकारसाठी मुंबईतल्या गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं आणि त्यांची मुलं यांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. ते वाचून तेव्हाच्या सुशिक्षित समाजानं या आयांच्या अज्ञानाबद्दल हळहळ केली. अज्ञान कसलं? दूध पाजायला दुपारी सुटी नाही, मूल ठेवायला जागा नाही, आणि एक खाडा झाला की नायकीण दुसरी बाई उभी करते. त्या गोळीनं काय होतं हे त्या आईला कळत नसेल असं मानणं हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

आता कायद्यांकडे वळू. खरा गुंता तिथेच आहे.

१८८१चा पहिला फॅक्टरी कायदा मुलांपुरता होता. बाईविषयी तो गप्प होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचं स्वस्त सूत खुपत होतं, त्यांनी दबाव आणला, आणि इथल्या राष्ट्रीय वृत्तीच्या पुढाऱ्यांनी याच कारणासाठी कायद्याला विरोध केला. लोखंडे यांची थोरवी ही, की हेतू कुणाचाही असो, कामगाराच्या पदरात काय पडतं ते त्यांनी पाहिलं. १८९१चा सुधारित कायदा आला. त्यानं साप्ताहिक सुटी सगळ्यांना दिली. बाईचा दिवस अकरा तासांवर आणला, त्यात दीड तासाची विश्रांती. आणि रात्री आठ ते पहाटे पाच तिच्या कामावर बंदी घातली. पुरुषाच्या तासांना मात्र १९११पर्यंत काही मर्यादाच नव्हती. म्हणजे बाईला कायद्यानं मुलांच्या रांगेत बसवलं. तिची काळजी घेतली हे खरं, पण ‘ही पूर्ण कामगार नव्हे’ असा शिक्काही त्याच वेळी मारला.

पुढे बाळंतपणाचा प्रश्न आला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. मग मुंबईच्या कायदे मंडळात तसंच विधेयक आलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. आईला बाळंतपणाआधी विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे, हे त्यांनी सांगितलं. आणि त्यातूनच निघणारी दुसरी गोष्टही त्यांनी बोलून दाखवली : हा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा. सरकार उचलत नाही म्हणून मालकानंही उचलू नये, हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातल्या प्रांतांत पहिला. प्रसूतीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून काही आठवडे, दिवसाला आठ आणे. देणारा मालक.

आठ आणे फार नव्हते. तरीही गिरण्यांनी हिशेब केला. जिला मूल होऊ शकतं ती बाई महाग, जिला होणार नाही ती स्वस्त. लग्न झालेल्या तरुण बाईला घ्यायचं टाळणं सुरू झालं. वय उलटलेली, विधवा बरी, असं ठरू लागलं. त्याच वर्षांत मंदी होती, ‘रॅशनलायझेशन’ म्हणजे थोड्या माणसांकडून जास्त यंत्रं चालवून घेण्याची घाई होती, वाइंडिंगला वेगवान यंत्रं येऊ लागली होती, लडीचा बाजार आटला होता. पुढे गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या, तेव्हा रात्रपाळीला बाई येऊ शकत नाही हे कारण आयतं मिळालं. पाळी बदलणारा पुरुष घेतला की प्रश्नच मिटला. एका कारणानं कुणी गेलं असतं तर लढता आलं असतं. ही माणसं गाठ सुटावी तशी एकेक करून सुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्यात बायका नावापुरत्या उरल्या होत्या.

त्या मुकाट गेल्या असं मात्र कुणी समजू नये. १९२८चा सहा महिन्यांचा संप बायकांशिवाय टिकला नसता. फुटीर कामगार आत शिरू नयेत म्हणून त्या हातांत झाडू घेऊन गिरण्यांच्या दारांवर उभ्या राहिल्या. उषाबाई डांगे यांचं ‘पण ऐकतं कोण?’ आणि पार्वतीबाई भोर यांची ‘एका रणरागिणीची हकीकत’ ही दोन आत्मकथनं ज्यांनी वाचली असतील त्यांना त्या दिवसांची धग ठाऊक आहे. ही पुस्तकं आज सहज मिळत नाहीत. साहित्य आणि संस्कृती यांच्या नावानं चालणाऱ्या आपल्या संस्थांना ती नव्यानं छापण्याची बुद्धी व्हावी.

आणि गिरणी सुटली म्हणून गिरणगाव सुटलं असंही झालं नाही. बाई साच्यांच्या आवाजातून स्टोव्हच्या आवाजात आली. दहा बाय दहाच्या खोलीत तिनं खानावळ चालवली, एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवू घातलं, पाळीप्रमाणे पहाटे आणि रात्रीही. संप झाला की तिचं गिऱ्हाईक पैसे देऊ शकत नसे. ती उधारीवर वाढत राही आणि वाण्याकडे तिची स्वतःची उधारी चढत जाई. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना सावकाराऐवजी बँकेचा रस्ता दाखवला. तोवर कोणत्याही कागदावर त्या ‘कामगार’ नव्हत्या, गृहिणी होत्या.

हा जुना इतिहास आज का उगाळायचा? कारण तोच हिशेब पुन्हा मांडला जातो आहे. २०१७ मध्ये प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. फार चांगलं झालं. कामगार राज्य विमा योजनेत असलेल्या बाईला त्या काळातले पैसे विम्याच्या निधीतून मिळतात. पण त्या योजनेच्या वेतनमर्यादेच्या, म्हणजे महिना २१ हजार रुपयांच्या वर पगार असलेल्या बाईचा सगळा भार तिच्या एकट्या मालकावर आहे. १९२९ची तीच मांडणी. मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न का विचारला जातो, याचं उत्तर त्या मांडणीत आहे. आणि ज्या मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या, घरी बसून कंत्राटी माल तयार करणाऱ्या बायकांना मालकच कोण ते सांगता येत नाही, त्यांच्यापर्यंत सव्वीस आठवडे पोचतच नाहीत. हा पैसा सरकार आणि सगळे मालक मिळून भरत असलेल्या एका निधीतून यावा, बाई कुठे कामाला आहे याच्याशी त्याचा संबंध नसावा, ही मागणी नवी नाही. बाबासाहेबांनी तिचं सूत्र १९२८ मध्येच सांगून ठेवलं आहे.

रात्रपाळीचंही तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि बाईला तिच्या संमतीनं, सुरक्षिततेची व्यवस्था करून, रात्री काम करता येईल असं ठरलं. शंभराहून अधिक वर्षांची बंदी उठली याचं आम्ही स्वागत करतो, कारण त्या बंदीनं बाईची झोप वाचली तितकीच तिची नोकरीही गेली. पण संमती हा शब्द नायकिणीच्या काळापासून आम्हांला माहीत आहे. नाही म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी हजेरी लागते की नाही, यावर त्या शब्दाची किंमत ठरते. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत आज रात्री दोन वाजता हेडफोन लावून बसलेली मुलगी ज्या जमिनीवर बसली आहे, तिथे तिच्या पणजीला रात्री आठनंतर पाऊल टाकायला मनाई होती. याच पट्ट्यातल्या कमला मिलमध्ये कविवर्य नारायण सुर्वे यांच्या आई काशीबाई कामाला होत्या. रस्त्यावर सापडलेलं मूल त्यांनी पदराखाली घेतलं आणि गिरणीच्या पगारावर वाढवलं. कवीमुळे त्यांचं नाव राहिलं. बाकीच्यांच्या पोटी कवी आला नाही.

गिरणी कामगारांना घरं देण्याची योजना आहे. तिच्यात पात्र ठरण्यासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असल्याचा पुरावा लागतो. योजनेला कुठली तरी तारीख लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या बायका तीसच्या, चाळीसच्या, पन्नासच्या दशकांत कमी केल्या गेल्या त्या कोणत्याच यादीत नाहीत, घरांच्याही नाही आणि आठवणींच्याही नाही. त्यांच्या मुली आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना अजून आठवतं. ट्रंकेच्या तळाशी एखादी युनियनची पावती, पगाराची चिठ्ठी, गिरणीचा पितळी बिल्ला असण्याची शक्यता अजून आहे. पाच-दहा वर्षांनी ती उरणार नाही.

म्हणून आमच्या वाचकांकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी आजी, पणजी, आत्या गिरणीत होती असं कधी कानावर आलं असेल, तर आजची सुटी तिच्यासाठी खर्ची घाला. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि एका कागदावर लिहून काढा : तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, कोणती गिरणी, कोणतं खातं, कोणत्या साली लागली, कोणत्या साली सुटली, आणि का.